उरलेली गोडी

पहिल्यांदा वाइन चाखणारी जीभ गोडी शोधते. जाणकार तिला समजावतात, की ही पहिली पायरी. हळूहळू गोडी सुटेल आणि कोरडी, तुरट वाइन आवडू लागेल. मला हे कधी पटलं नाही. गोडीची ओढ ही अडाणीपणाची खूण असती, तर हंगेरीतल्या तोकायच्या लोकांनी बुरशीने सुरकुतलेला एकेक द्राक्षमणी हाताने वेचण्यात शतकं घालवली नसती. सेंट हेलेना बेटावर कैदेत पडलेल्या नेपोलियननेही केपची कॉन्स्टॅन्शिया मागवली नसती. तीही गोडच वाइन.

मालव्यात वाढलेल्या मराठी माणसाला तर गोडीचा संकोच वाटायचं काही कारणच नाही. आमच्या घरात फडताळाच्या वरच्या खणात द्राक्षासवाची तपकिरी बाटली कायम असे. देवासला, माताजींच्या टेकडीच्या पायथ्याशी मामांचं घर होतं आणि मामा वैद्य होते. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला, भूक मेलेल्या म्हाताऱ्याला जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव, तेवढंच पाणी घालून. आम्हा मुलांच्या वाट्याला फक्त बुचाचा वास यायचा. मनुका, जुना गूळ, वेलदोडा, दालचिनी, आणि या सगळ्यांच्या खालून येणारी एक उबदार, किंचित आंबूस झुळूक. ती झुळूक मद्यार्काची होती हे मोठेपणी कळलं. आमच्या घरात कोणी थेंबभर दारूला शिवलेलं नव्हतं, आणि तरीही मनुकांची एक नितळ, गोड, आपोआप तयार झालेली वाइन पिढ्यान्‌पिढ्या त्या फडताळात होती.

वाइन करायला शिकावं असं मनात आलं, तेव्हा पुस्तकं घेतली, काचेची उपकरणं घेतली, आणि शेवटी गेले ती मामेभावाच्या रसशाळेत. तो मामांच्या गादीवर बसलेला वैद्य, परवाना बाळगून आसव-अरिष्टं करणारा. "दादा, मला गोड वाइन शिकायचीय," म्हटल्यावर तो म्हणाला, "मग आधी द्राक्षारिष्ट बघ. अगं, त्यातली गोडी का उरते, हे कळलं की बाकीचं कळेल."

'शार्ङ्गधरसंहिता' या आयुर्वेदाच्या ग्रंथात द्राक्षारिष्टाचं प्रमाण दिलं आहे. मनुका पन्नास पळं, पळ म्हणजे जुनं वजनी माप. त्या पाण्यात उकळून काढा चौथाईवर आणायचा. मग त्यात गूळ दोनशे पळं, म्हणजे मनुकांच्या चौपट. वरून दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी, वावडिंग असा मसाला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा गूळ मला अवाच्या सवा वाटला होता. त्यातलं गणित नंतर उलगडलं. साखर खाऊन मद्यार्क करणारे किण्व, ज्यांना आपण सरसकट यीस्ट म्हणतो, फार गोड पाकात गुदमरतात. आणि त्यांनीच तयार केलेला मद्यार्क एका मर्यादेपलीकडे गेला की त्यातच मरतात. दोन्हींकडून कोंडी होते. किण्व थांबतात आणि न खाल्लेला गूळ मागे राहतो. ना थंडी देणारं यंत्र, ना गाळणी, ना रसायन. नुसत्या प्रमाणाने गोडी राखण्याची ही युक्ती मला फार मोठी वाटते. शार्ङ्गधर साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातला. त्याला किण्व डोळ्यांनी दिसले नव्हते. त्यांची भूक मात्र त्याने बरोबर मापली होती.

दादाकडे आजही मातीची मोठी मडकी आहेत. आतून तूप चोपडलेली, धुरी दिलेली. काढा कोमट झाला की गूळ विरघळवायचा, मसाला घालायचा, मडकं गळ्यापर्यंत न भरता वर जागा सोडायची, आणि अनेक आसवांत घालतात तशी मूठ-मूठ धायटीची फुलं टाकायची. झाकण ठेवून सांध्यावर मातीने माखलेली फडक्याची पट्टी गुंडाळायची. मग मडकं गव्हाच्या राशीत पुरून ठेवायचं, कारण धान्याच्या पोटात ऊब एकसारखी राहते. मालव्यात हे महत्त्वाचं. दिवसा ऊन कितीही चढलं तरी इथल्या रात्री गार होतात. त्या गारव्याचं कौतुक दूरवर झालं आहे, पण किण्वांना असा रोजचा चढउतार सोसत नाही.

या धायटीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. धारहून मांडूला जाताना विंध्याची उतरण लागते. काकडा खोऱ्याच्या कडेला उन्हाळ्याच्या तोंडावर पाहिलं, तर पानं झडत आलेल्या काटक्यांवर लालभडक, नळीसारख्या छोट्या फुलांचे झुबके दिसतात. तीच धायटी. एक फूल तोडून देठाकडून चोखलं तर जिभेला मधाचा थेंब लागतो. त्या मधात रानटी किण्व राहायला आलेले असतात आणि पाकळ्यांमध्ये भरपूर तुरटपणा असतो. म्हणजे एकाच फुलातून विरजण मिळतं आणि आसवाला अंगही मिळतं. युरोपातल्या द्राक्षाला त्याच्या सालीवरच्या किण्वांचा आणि बियांच्या तुरटपणाचा जो आधार, तो आमच्या वैद्यांनी विंध्याच्या खडकाळ उतारावरून उचलला. धारच्या बाजारात जडीबुटी विकणाऱ्याकडे वाळलेली धायटी अजून मिळते, तपकिरी-लाल, बोटांत चुरली तर भुरभुरणारी.

मडकं राशीतून बाहेर काढल्यावर दादा दोन गोष्टी करतो. आधी कान लावतो. आत काम चालू असेल तर बारीक चुरचुर ऐकू येते. मग पट्टी सोडवून काडी पेटवतो आणि ज्योत मडक्याच्या तोंडाशी, द्रवाच्या जरा वर धरतो. मी पाहिली ती पहिली काडी विझली; धूरही न काढता, कोणी दोन बोटांनी चिमटावी तशी. म्हणजे आत अजून कर्बवायू साठतो आहे, किण्व जागे आहेत. दादाने झाकण परत लावलं. पुढच्या खेपेला ज्योत तशीच जळत राहिली, काडी बोटापर्यंत आली, आणि मग त्याने पळी आत घातली. वर तरंगणारी फुलं खाली बसली होती. रस नितळ, गडद मधासारखा.

त्या पळीतला घोट घेताना मी सोबत आणलेली हायड्रोमीटरची काचेची कांडीही रसात सोडली. पाण्यात ही कांडी १.००० दाखवते, साखर विरघळली असेल तितकी वर उचलली जाते. वाइनसाठी घेतलेला द्राक्षाचा रस साधारण १.०९० वर असतो. किण्वांनी सगळी साखर संपवली की आकडा एकच्याही खाली उतरतो, कारण मद्यार्क पाण्याहून हलका. ती कोरडी वाइन. दादाच्या द्राक्षारिष्टाने कांडी बरीच वर उचलून धरली होती. हातातल्या काचेवर शार्ङ्गधराचं गणित असं उभं राहिलेलं पाहून मला मनापासून आनंद झाला.

घरी वाइन करू पाहणाऱ्याची पहिली अडचण इथेच असते. त्याला वाटतं, गोड हवी तर साखर वाढवावी. पण लिटरमागे सुमारे सतरा ग्रॅम साखर खाऊन किण्व एक टक्का मद्यार्क करतात. साखर वाढवली की बहुतेक वेळा वाइन गोड होत नाही, कडक होते. वाइनसाठी विकले जाणारे किण्व चौदा-पंधरा टक्क्यांपर्यंत दमत नाहीत. तेव्हा गोडी टिकवायची म्हणजे त्यांना मध्येच थांबवायचं. पोर्तुगालात दौरो नदीच्या खोऱ्यात आंबणं अर्ध्यावर असताना द्राक्षाचीच ब्रँडी ओततात, किण्व तिथेच गार होतात आणि पोर्ट तयार होते. तोकायला आणि बोर्दोजवळच्या सोतेर्नला बुरशीने सालीला बारीक छिद्रं पडून द्राक्षातलं पाणी उडून जातं, रस इतका दाट होतो की किण्वांना तो संपवता येत नाही. म्हणजे शार्ङ्गधराचाच मार्ग, गुळाविना. नवशिक्यासाठी सर्वांत सोपी वाट तिसरी. वाइन पूर्ण कोरडी होऊ द्यावी, नितळू द्यावी, मग पोटॅशियम सॉर्बेट आणि मेटाबायसल्फाइट ठरल्या मात्रेत घालून उरलेल्या किण्वांची वाढ बंद करावी, आणि जिभेला बरं वाटेल तेवढी साखर शेवटी घालावी. हे न करता गोड वाइन बाटलीत बंद केली तर किण्व परत जागे होतात, वायू साठतो आणि बाटली फुटते. काचेचे तुकडे लांब उडतात, म्हणून ही पायरी कोणीही गाळू नये.

वसईच्या ख्रिस्ती घरांत आणि गोव्यात नाताळासाठी करतात त्या वाइनला हे सगळं न सांगता ठाऊक असतं. काळी द्राक्षं, साखर, मूठभर गहू, थोडं यीस्ट, चिनी मातीची बरणी. रोज लाकडी पळीने ढवळायचं, एकवीस दिवसांनी गाळायचं, रंगासाठी करपवलेली साखर घालायची. ती गोड असते आणि लवकर संपवायची असते. नाताळ संपला की बरणीही रिकामी.

मालव्याच्या मातीत आंबवलेल्या गोडीला मोठा इतिहास आहे, आणि तो धार-देवासच्या अवतीभवतीच फिरतो. ख्रिस्ती सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं 'पेरिप्लस' भडोचच्या बंदराची हकिकत देतं. तिथे उतरणाऱ्या मालात मद्य आहे, इटलीच्या मद्याला अधिक मागणी, आणि राजासाठी वेगळं उंची मद्य. त्या बंदराला उज्जैनहून माल जाई. रोमन लोकांना गोड मद्य आवडे, त्यात मधही घालत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षाच्या मद्याचे प्रकार त्यांच्या प्रदेशांच्या नावांनी सांगितले आहेत. त्याच प्रकरणात सुराध्यक्षाचे कडक नियम आहेत. दारू कुठे गाळायची, कुठे विकायची, सगळं बांधलेलं. पण तिथेच गृहस्थाला सवलतही आहे, सणाकार्याला श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करता येईल, अशी. फडताळातल्या त्या बाटलीला कौटिल्याची संमती होती हे वाचून मला मामांची आठवण आली. ते हयात असते तर त्यांना हे वाचून दाखवलं असतं.

मग मांडू. सुलतान गियासशाहच्या काळात, पंधराव्या शतकाच्या शेवटी, इथे 'निअमतनामा' हे पाककृतींचं सचित्र हस्तलिखित घडलं. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सुलतान आसनावर बसलेला, बायका भोवती भांडी घेऊन उभ्या, आणि पानोपानी समोसे, सरबतं, विडे, अत्तरं. पुढे १६१७ च्या पावसाळ्यात जहांगीर मांडूला होता. शब-ए-बरातच्या रात्री नूरजहानच्या महालात त्याने मैफल भरवली. महालाभोवती तलाव, तलावांच्या काठाने दिव्यांच्या ओळी आणि पाण्यात त्यांचं प्रतिबिंब. ज्याला जे मद्य हवं ते देण्याचा हुकूम त्याने केला होता. तो पट्टीचा पिणारा होता आणि ते त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्या व्यसनाने त्याच्या शरीराचं काय केलं, तेही त्याच प्रामाणिकपणाने. मांडूच्या जहाजमहालाच्या गच्चीवर पावसाळ्यात उभं राहिलं, दोन्हीकडचे तलाव भरलेले दिसले, की त्या रात्रीची थोरवी कळते.

पण मालव्याची खरी गोडी सुलतानांच्या प्याल्यात नव्हती. ती धारच्या पश्चिमेला, कुक्षी-अलीराजपूरच्या वाटेवर, भिलांच्या शिवारात आहे. भगोरियाच्या दिवसांत, होळीच्या आधी, त्या वाटेने जावं. ताडाला वर मडकी लटकलेली असतात. पहाटे उतरवलेला रस थंड, गोड, जरासा ताडफळाच्या वासाचा. ऊन तापू लागलं की त्याला फेस येतो, दुपारी तो आंबट होतो, संध्याकाळी तर फारच चढतो. एका दिवसात एकच रस सरबतापासून दारूपर्यंत पोहोचतो. गोडी किती वेळ टिकते आणि कधी जाते, याचा याहून स्वच्छ धडा मला पुस्तकात सापडला नाही.

मोहाचं दुःख वेगळं. चैत्राच्या पहाटे झाडाखाली पडलेली फिकट, रसरशीत फुलं वेचतात, अंगणात वाळवतात. वाळलेल्या फुलाचा मोठा भाग साखरच असतो. ती आंबवून मग भट्टीवर चढवली की वाफेबरोबर सुगंध वर जातो आणि गोडी खाली भांड्यात राहते. हल्ली मध्य प्रदेशात मोहाच्या दारूला वारसा म्हणून मान मिळाला आहे, अलीराजपूरच्या आदिवासी बचत गटाने ती 'मोंड' नावाने बाटलीत आणली आहे, याचं मला समाधान वाटतं. मोहावर गुन्हेगारीचा शिक्का फार वर्षं होता. तरी माझ्या मनात येतं, की मोहाची न गाळलेली, नुसती आंबवून नितळ केलेली गोड वाइन कोणीतरी करावी. त्या फुलाची मूळ गोडी प्याल्यात यावी.

कायद्याचं एक वाक्य इथे लिहिणं भाग आहे. दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. मध्य प्रदेशात १९१५ चा अबकारी कायदा आजही चालतो, आदिवासी घरांना घरच्यापुरती मोहाची दारू करायची मुभा आहे, ती इतरांना तशी नाही. द्राक्षं आणण्याआधी आपल्या राज्याच्या अबकारी कार्यालयात जाऊन विचारावं. मी जे शिकले ते परवान्याच्या छपराखाली.

आता चाखण्याबद्दल. नवशिक्याने गोड वाइन आधी शोधून प्याव्यात आणि मग करायला घ्याव्यात, कारण कुठे थांबायचं हे जिभेला आधी ठाऊक असलं पाहिजे. गोव्याची पोर्ट सगळीकडे मिळते, स्वस्त असते; तिची गोडी एकसुरी असली तरी मनुका आणि भाजलेल्या साखरेचा वास ओळखायला ती बरी. इटलीची मोस्कातो द'आस्ती हाताला लागली तर नक्की घ्यावी. जेमतेम पाच टक्के मद्यार्क, हलका फेस, संत्र्याच्या फुलाचा दरवळ. आंबणं लवकर थांबवलं की फळ किती ताजं राहतं, ते तिच्यात कळतं. पुण्याकडे मधापासून मीड होऊ लागली आहे, डहाणूजवळ बोर्डीला चिकूची वाइन करतात. मला सर्वांत जास्त शिकवलं नाशिकच्या लेट हार्व्हेस्ट शेनँ ब्लाँने. द्राक्षं वेलीवर उशिरापर्यंत ठेवलेली, साखर घट्ट झालेली, वाइन मध-जर्दाळूसारखी. पण घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं, पुढचा घोट हवासा होतो. सरबतात हे होत नाही. ते घडवतं द्राक्षातलं आम्ल.

गोडीइतकंच आम्लाकडे लक्ष द्यायला हवं, आणि मराठी जिभेला हे निराळं शिकवावं लागू नये. आमटीत गूळ घालणारी बाई चिंच विसरत नाही. द्राक्षात प्रामुख्याने असतं ते टार्टारिक आम्ल, आणि चिंचेचा आंबटपणा मुख्यतः त्याचाच. फेब्रुवारीत नाशिकहून देवासच्या मंडईत येतात ती द्राक्षं खायची असतात, वाइनची नव्हेत; साखर भरपूर, आंबटपणा बेताचा. त्यांची वाइन गोड ठेवली तर मिळमिळीत होते. म्हणून दादाला मी सुचवलं आहे, की द्राक्षाच्या रसात आम्ल कमी पडलं तर बाजारातल्या पावडरीऐवजी मांडूची चिंच घालून पाहू. मांडूची चिंच म्हणजे आपली नेहमीची नव्हे. आफ्रिकेतून आलेल्या त्या अवाढव्य, पोट सुटलेल्या गोरखचिंचेच्या झाडांचं फळ, जे तिथे रस्त्याकडेला टोपलीत मांडून विकतात. मखमली सालीचं बोंड फोडलं की आत पांढरा, कोरडा, खडूसारखा गर. जिभेवर ठेवला की आंबट, मागाहून किंचित गोड. दादाने बोंड हातात घेऊन बराच वेळ वास घेतला. शार्ङ्गधरात हे नाही, एवढंच म्हणाला, आणि गर कुटायला खल काढला.

ती वाइन अजून नितळते आहे. तोवर माझ्याकडे शेनँ ब्लाँची बाटली आहे. गोड वाइन गार करावी, फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवावी, आणि लहान पेल्यात अगदी थोडी ओतावी. सोबत मालव्यातल्या घरात जे असतंच ते घ्यावं, लवंगेची रतलामी शेव. मीठ, तिखट, लवंगेचा ठसका, आणि त्यावर गार, आंबूस-गोड घोट. पाहुणे गोड वाइन म्हणून आधी नाक मुरडतात. मी त्यांच्यापुढे शेवेची वाटी सरकवते.